ए, अ‍ॅन, दी

माझ्याकडे येणारी माणसे दोन प्रकारची. काही गप्पा मारायला येतात आणि काही हातात कागद घेऊन येतात. पहिल्या प्रकारची माणसे वयाबरोबर कमी होत चालली आहेत. दुसऱ्या प्रकारची मात्र, मला शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षे उलटली तरी, होती तितकीच आहेत. कुणाच्या मुलाचा नोकरीचा अर्ज असतो, कुणाच्या मुलीचा परदेशी विद्यापीठाला धाडायचा मजकूर असतो, कुणा सोसायटीच्या चिटणिसाचे नगरपालिकेला खडसावणारे पत्र असते. कागद पुढे ठेवताना वाक्य ठरलेले: “सर, बाकी सगळं बरोबर आहे. जरा ए आणि दी तेवढे बघा.”

जणू आमटी झालेली आहे, मीठ तेवढे बघायचे आहे! हल्ली मजकूर तपासून देणारी यंत्रे घरोघर आणि खिशोखिशी आली. आता तरी हे कागद थांबतील असे मला वाटले होते. ते थांबले नाहीत. यंत्राने घातलेला ‘दी’ ठेवायचा की काढायचा, हे विचारायला लोक येऊ लागले.

मीठ म्हटले खरे. पण मिठाचे प्रमाण चिमटीचे असते. इंग्रजीत कुठलाही मजकूर घ्या, शंभर शब्दांत पाच-सहा तरी नुसते ‘दी’ निघतात. त्या भाषेत याहून जास्त वेळा येणारा दुसरा शब्द नाही. म्हणजे हे आमटीतले मीठ नव्हे, पाणीच म्हणायला हवे. आणि गंमत अशी की ज्या शब्दावाचून इंग्रजाचे पान हलत नाही, त्याला आपल्या मराठीत प्रतिशब्दच नाही. व्याकरणकारांनी त्याला ‘उपपद’ हे भारदस्त नाव दिले, ‘निश्चित’ आणि ‘अनिश्चित’ असे त्याचे दोन भाग केले. पण नाव ठेवले म्हणून काही मूल आपले होत नाही.

नाही म्हणायला एका ठिकाणी आपण ‘दी’ला मनापासून दत्तक घेतले आहे. आपल्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या पेठेतून एक फेरी मारा. ‘दि अमुक अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक लि.’, ‘दि तमुक मर्चंट्स पतसंस्था’, आणि त्यांच्या शेजारी, फळीवर रंगवलेले, ‘दि न्यू हेअर कटिंग सलून’. तो ‘दि’ काय काम करतो असे सलूनवाल्याला विचाराल तर तो सांगू शकणार नाही. पण काढून टाका म्हणाल तर वस्तरा घेऊन अंगावर येईल. पत्रिकेवर ‘श्री’ लिहावा तसा पाटीवर ‘दि’.

आमच्या वेळी मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून शिकवीत. म्हणजे मिसरूड आणि उपपदे एकदमच फुटायची. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला थोरल्या भावंडांकडून वारशाने येई, आणि वरच्या वर्गात गेले की रेन आणि मार्टिन या जोडगोळीच्या व्याकरणाशी गाठ पडे. यांतले रेनसाहेब मोठे अजब गृहस्थ. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात त्यांनी काही वर्षे नोकरी केली. पण जगात त्यांचे नाव झाले ते 1924 साली निघालेल्या ‘बो जेस्ट’ या कादंबरीने. वाळवंट, फ्रेंचांची परकी फलटण, तलवारी, बंदुका असा सगळा मामला! हे मला फार उशिरा कळले. लहानपणी कळले असते तर त्यांच्या नियमांकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहिले असते.

कारण नियम फलटणीसारखेच होते. नदीच्या आधी ‘दी’ येतो, तळ्याच्या आधी येत नाही. पर्वतांच्या रांगेला ‘दी’ लागतो, एकट्या शिखराला लागत नाही. म्हणून ‘दी हिमालयाज’, पण एव्हरेस्ट बिचारे नुसतेच एव्हरेस्ट. पोरगा शाळेत शिकायला जातो तेव्हा शाळेला उपपद नाही. त्याचा बाप हेडमास्तरांशी भांडायला त्याच शाळेत जातो तेव्हा मात्र आहे. इंग्रज आजारी पडला तर ‘इन हॉस्पिटल’ असतो आणि अमेरिकन आजारी पडला तर ‘इन द हॉस्पिटल’. दुखणे एकच, खाटही तशीच. आम्ही हे सारे पाढ्यांसारखे पाठ केले. पुढे मी 1966 साली शिक्षक झालो आणि मुलांकडून पाठ करून घेऊ लागलो.

त्यातल्या त्यात मुलांना आवडायचा तो ‘ए’ आणि ‘अ‍ॅन’चा नियम, कारण तो डोळ्यांचा नाही, कानाचा आहे. ‘युनिव्हर्सिटी’ लिहिताना पुढे स्वर दिसतो, पण तोंडातून ‘यु’ निघतो, म्हणून ‘ए’. ‘अवर’ लिहिताना व्यंजन दिसते, पण ते मुके, म्हणून ‘अ‍ॅन’. वर्गात मी विचारी, “आमदाराला काय लावाल?” आणि सारा वर्ग ओरडे, “अ‍ॅन एमेले!”

याच कानाने इंग्रजांना एकदा चांगले फसवलेले आहे. क्रिकेटमधला अंपायर मुळात अंपायर नव्हताच. तो होता ‘नंपायर’. जुन्या फ्रेंचमधल्या ‘नॉनपेर’ या शब्दावरून तो आला. ‘पेर’ म्हणजे बरोबरीचा, जोडीचा. दोघांच्या भांडणात जो कुणाच्याच जोडीचा नाही तो तिऱ्हाईत, म्हणजे नॉनपेर. लोक ‘ए नंपायर’ म्हणत गेले, ऐकणाऱ्याने ते ‘अ‍ॅन अंपायर’ असे ऐकले, आणि ‘न’ जो उपपदाकडे गेला तो गेलाच. स्वयंपाकघरातला ‘एप्रन’ही असाच ‘नेप्रन’ होता. उलट ‘निकनेम’मधला ‘न’ मूळचा त्याचा नव्हेच; तो शेजारच्या ‘अ‍ॅन’कडून उचललेला. आणि आपले नारिंग! संस्कृतातून फारसीत, फारसीतून अरबीत, अरबीतून स्पॅनिशात इतका लांबचा प्रवास त्याने ‘न’सकट केला, पण इटली-फ्रान्सच्या बाजूला पोचल्यावर तिथल्या ‘उन्’ या उपपदाने त्याचा ‘न’ गिळला असे भाषापंडित मानतात. म्हणून इंग्रजांच्या हाती आले ते ‘ऑरेंज’. खिसेकापू गर्दीतच भेटतात असे नाही; शेजारचा सज्जन दिसणारा लहानसा शब्दही पुरतो.

पण हे झाले कानाचे. खरी अडचण ‘ए’ की ‘अ‍ॅन’ ही नाही. ‘ए’ की ‘दी’ ही आहे. तिथे कान उपयोगी पडत नाही आणि नियमही पुरत नाहीत. एकदा मागच्या बाकावरचा एक शेतकऱ्याचा मुलगा उठून म्हणाला, “सर, साहेबानं नियम पाठ केले नसतील, तर ‘दी’ कुठं घालायचा ते त्याला कसं कळतं?”

प्रश्न लाखमोलाचा होता. मी त्याला विचारले, “तुझ्या घरी म्हशी किती?”

“एकच.”

“आई म्हणाली, ‘म्हैस सुटली’, तर कुठली म्हैस असं विचारशील?”

“नाही.”

“आणि म्हणाली, ‘शेतात म्हैस शिरली’, तर?”

“तर काठी घेऊन पळीन की सर! कुणाची शिरली ते बघायला.”

त्याला इंग्रजी उपपद येत होते. नुसता शब्द येत नव्हता. पहिल्या वाक्यातली म्हैस दोघांच्या ओळखीची, म्हणून ‘दी’. दुसऱ्या वाक्यातली आईने पाहिली आहे, पण मुलाला ती नवीन, म्हणून ‘ए’. एवढेच त्यातले सारे इंगित आहे. ‘दी’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला मानेने खूण करतो: तुला ठाऊक आहे मी कशाबद्दल बोलतो आहे ते. ‘ए’ म्हणताना तो सांगतो: थांब, तुझी अजून ओळख व्हायची आहे. इंग्रजीतला ‘दी’ वस्तूबद्दल काहीही सांगत नाही. तो सांगतो ते बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोघांबद्दल.

तेव्हापासून मी नद्या-पर्वत मागे ठेवले आणि वर्गात मराठी वाक्ये सुरू केली. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’. शब्द तेच, जागा बदलल्या. पण पहिल्या वाक्यातले पुस्तक कुठलेसे आहे आणि दुसऱ्यातले आपण शोधत होतो ते. तीच गोष्ट आपल्या ‘ला’ या प्रत्ययाची. ‘रविवारी आम्ही मुलगी पाहायला चाललो’ असे ज्या घरात म्हणतात तिथे लग्नाचा मुलगा असतो. ‘मुलीला पाहायला चाललो’ असे जिथे म्हणतात तिथली लेक सासरी आजारी असते. ‘मी नोकर शोधतो आहे’ असे म्हणणाऱ्याकडे नोकर नाही. ‘मी नोकराला शोधतो आहे’ असे म्हणणाऱ्याकडे काल संध्याकाळपर्यंत होता. आता बहुधा घड्याळही नाही. मराठी माणसाच्या डोक्यात उपपद नाही असे जे म्हणतात त्यांनी मराठी नीट ऐकलेली नाही. आपण ते वेगळ्या खिशात ठेवतो इतकेच.

आणि मुळात इंग्रजांचा खिसा तरी कुठे वेगळा होता? त्यांचा ‘ए’ म्हणजे झिजलेला ‘एक’ आणि त्यांचा ‘दी’ म्हणजे झिजलेला ‘तो’. जुन्या इंग्रजीत ‘आन्’ म्हणजे एक. त्याचा ‘अ‍ॅन’ झाला, पुढे ‘न’ गळून ‘ए’ उरला. बोट दाखवायचा जो शब्द होता त्याचा बोलून बोलून ‘दी’ झाला. लॅटिनला संस्कृतासारखीच उपपदे नव्हती; पण तिची लेक फ्रेंच हिनेही ‘तो’ आणि ‘एक’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांतूनच स्वतःसाठी उपपदे पाडून घेतली. आपल्या आज्यांची गोष्ट आठवा. ‘एक राजा होता’, आणि लगेच पुढे ‘त्या राजाला दोन राण्या होत्या’. आजीने ‘एक’ आणि ‘तो’ गोष्टीच्या दारात ठेवले. इंग्रजांनी ते प्रत्येक नामाच्या उंबऱ्यावर ठेवले, आणि इतकी पावले पडल्यावर ते झिजणारच.

या झिजलेल्या शब्दाची किंमत मात्र झिजलेली नाही. 1967 च्या जून महिन्यातील अरब-इस्रायल युद्धानंतर, 22 नोव्हेंबर 1967 रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने 242 क्रमांकाचा ठराव मंजूर केला. इस्रायली फौजांनी व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी असे त्यात म्हटले आहे. इंग्रजी मसुद्यात ‘टेरिटरीज’ या शब्दाआधी ‘दी’ नाही. मात्र त्याच ओळीत ‘नुकताच झालेला संघर्ष’ यातल्या संघर्षाला ‘दी’ आहे. आता ‘प्रदेशांतून’ म्हणजे त्या साऱ्या प्रदेशांतून, की काही प्रदेशांतून? एका बाजूने म्हटले, ‘दी’ नाही, म्हणजे सगळे सोडण्याचे बंधन नाही. दुसऱ्या बाजूने फ्रेंच मसुदा पुढे केला. त्यात उपपद आहे असे वाचता येते. आणि आपले मराठी भाषांतर पाहा, ते दोन्ही बाजूंना सारखेच चालेल! पन्नासांहून जास्त वर्षे वकील, मुत्सद्दी आणि प्राध्यापक या एका न लिहिलेल्या शब्दावर ग्रंथ लिहीत आहेत. तो शब्द चुकून राहिला नव्हता. बऱ्याच घासाघिशीनंतर तो बाहेर ठेवला गेला होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला आणि जगाने त्याचे वाक्य ऐकले. त्यात ‘मॅन’च्या आधीचा ‘ए’ ऐकू आला नाही. ‘ए मॅन’ म्हणजे एक माणूस. नुसता ‘मॅन’ म्हणजे मानवजात. एका माणसाचे लहान पाऊल आणि मानवजातीची मोठी झेप, असा त्याला अभिप्रेत असलेला अर्थ. ‘ए’ गळला की दोन्हीकडे मानवजातच. आपण ‘ए’ म्हणणार होतो असे तो पुढे सांगत राहिला.

देशांच्या नावांतही हा शब्द डोकावतो. साहेब लिहीत असे ‘दी पंजाब’, ‘दी डेक्कन’, आणि आपल्या कोकणालाही तो ‘दी कोंकण’ म्हणे. नकाशावरचा एक पट्टा, एवढीच त्यामागची भावना. 1991 साली युक्रेन स्वतंत्र झाला तेव्हा तिथल्या लोकांनी इंग्रजी जगाला सांगितले, आमच्या नावामागचा ‘दी’ काढा. आम्ही कुणाचा प्रांत नाही, देश आहोत. वर्तमानपत्रांनी तो काढला. तीन अक्षरे, पण ज्याच्या नावाला ती चिकटलेली असतात त्याला ती जड होतात.

माझ्या घरी मात्र ‘दी’ची किंमत याआधीच, आण्या-पैशांत, ठरलेली होती. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, तालुक्याच्या गावी तारमास्तर होते. तारेला ठरावीक शब्दांच्या पुढे दर शब्दाला जादा पैसे पडत. आमच्या कचेरीतून तारा इंग्रजीत जात, आणि लिहून आणलेला फॉर्म अण्णांच्या हाती पडला की आधी त्यांची निळी पेन्सिल चाले. ‘ए’ दिसला, खोड. ‘दी’ दिसला, खोड. खिडकीपलीकडे उभा असलेला माणूस बहुतेक वेळा गरीब असे आणि बहुतेक वेळा घाबरलेला असे. त्याचे चार पैसे वाचावेत एवढाच त्यामागे हेतू. एकदा गावातल्या एका इंग्रजीच्या मास्तरांनी ‘दी’सकट शुद्ध वाक्य लिहून आणले. अण्णांनी त्यातले दोन ‘दी’ खोडले तेव्हा ते दुखावून म्हणाले, “अहो, हे अशुद्ध होतं!” अण्णा म्हणाले, “मास्तर, तार कुणी शुद्ध वाचत नाही. लवकर वाचतात.”

रात्री जेवताना ते आईला सांगत, “आज अकरा ‘दी’ मारले.” आईला इंग्रजी येत नव्हते; पण तारेच्या रद्दी फॉर्मांच्या पाठीवर वाण्याचा हिशेब मांडता मांडता तिला इंग्रजी अक्षरे लागली होती, आणि हा रोज मारला जाणारा ‘दी’ तर नावाने आणि रूपानेही ओळखीचा झाला होता. ती विचारी, “ह्यांनी एवढे मारून उरतात तरी कसे?” अण्णांचे नाव तिने कधी घेतले नाही. त्या पिढीच्या बायकांचे ‘हे’ म्हणजे असे उपपद की पुढच्या नामाची गरजच नाही.

फक्त शुभेच्छांच्या तारांत अण्णांची पेन्सिल चालत नसे. दिवाळीच्या, लग्नाच्या, वाढदिवसाच्या शुभेच्छांची वाक्ये खात्याने ठरवून दिलेली होती आणि प्रत्येकाला क्रमांक होता. इथून नुसता क्रमांक जाई, पलीकडचा तारमास्तर पूर्ण वाक्य लिहून देई. ‘मेनी हॅपी रिटर्न्स ऑफ द डे’ हे असे ‘द’सकट, अखंड पोचे. दिवाळीच्या आठवड्यात अण्णा रात्री उशिरापर्यंत आकडेच वाजवीत बसत.

मी मॅट्रिकच्या वर्गात असताना रेन आणि मार्टिनचा नियम त्यांना ऐकवला होता. आधी उल्लेख झालेल्या वस्तूला ‘दी’ लागतो, तुम्ही तो खोडता कसा? ते म्हणाले, “ज्याला तार जाते त्याला कुठली गाडी ते माहीत असतं. माहीत नसेल तर ‘दी’ घातल्यानं थोडंच कळणार आहे?” पुढे पस्तीस-छत्तीस वर्षे मी जे शिकवले ते याहून फारसे जास्त नव्हते. फरक एवढाच की ते खोडून पोट भरीत आणि मी घालून.

1971 च्या श्रावणात मला तार आली. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला होतो. ‘फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.’ अण्णांच्या हाताखालच्या माणसाने ती वाजवली होती. कुणाचे वडील हे त्यात नव्हते, आणि सीरियस म्हणजे काय हे त्या काळी कुणाला सांगावे लागत नसे. घरमालकीणबाईंनी पाकीट पाहूनच पदर तोंडाला लावला होता. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसे बसलेली होती.

दिवस झाल्यावर आईच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज मी लिहायला घेतला. अण्णांच्याच टेबलावर, त्यांच्याच टाकाने. इंग्रजीत गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘लेट’ लिहितात आणि त्या ‘लेट’च्या आधी ‘द’ लागतो. ‘विडो ऑफ द लेट’ आणि पुढे अण्णांचे संपूर्ण नाव. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिले आणि सहीसाठी कागद आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावला, सही कुठे करायची ते विचारले, आणि मग बोट अण्णांच्या नावावरून हळूहळू डावीकडे नेत एका शब्दावर ठेवले.

“हा ‘दी’ ना रे?”

“हो.”

“नावाआधी?”

“तशी पद्धत आहे, आई.”

ती थोडा वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिली.

“त्यांनी खोडला असता,” ती म्हणाली, आणि तिने सही केली.